वाळवंटातली शिक्षा

(पडद्यावर भर दुपारचं वाळवंट. आधी वारा, मग गिटार.)

एका माणसाला मृत्युदंड सुनावलाय. सुनावणारा वाळूचा सम्राट. माणूस पळतो, वाळवंटात शिरतो, वाट चुकतो. शिक्षा अमलात आणायला आता जल्लादाचीही गरज नाही. डोक्यावर सूर्य आहेच.

ही गोष्ट आहे ३१ मार्च २०१७ला आलेल्या ‘एम्परर ऑफ सँड’ या अल्बमची. बँड मॅस्टोडॉन, अमेरिकेतल्या अटलांटाचा, मेटल म्हणजे जड गिटारींचं रॉक संगीत वाजवणारा. तेव्हा बेसवर होता ट्रॉय सँडर्स, गिटारवर ब्रेंट हाइंड्स आणि बिल केलिहर, ड्रम्सवर ब्रॅन डेलर. अल्बमभर एकच कथानक खेळवणं त्यांना नवं नव्हतं. २००४चा ‘लेव्हायथन’ तर ‘मोबी डिक’ या कादंबरीवर बेतलेला.

या वेळी मात्र कथानक घरातून आलं. सँडर्सच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला होता. केलिहरची आई मेंदूतल्या गाठीनं गेली.

(ड्रम्स. कॅमेरा हातांवर.)

मग थेट आजारावरच गाणी का नाही लिहिली? मला वाटतं, वाळवंटामुळेच हे दुःख त्यांना पुरतं बोलता आलं. वाळू म्हणजे हातातून निसटणारा वेळ. सूर्य म्हणजे रेडिएशन. ज्या उपचारानं वाचायचं, तोच आधी माणसाला भाजून काढतो. घरात कुणाचा कर्करोग पाहिला असेल, तर हे समजावून सांगावं लागत नाही. गोष्टीतला माणूस आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या मूळ जमातींना मनोमन हाक घालतो: पाऊस पाडा, मला वाचवा.

पहिलंच गाणं ‘सुलतान्स कर्स’. रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, अशी जड, की पळणाऱ्याचे पाय वाळूत रुतताना जाणवतात. २०१८मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. त्यानंतर लगेच येतं ‘शो युवरसेल्फ’, जेमतेम तीन मिनिटांचं, सहज ओठांवर बसणारं. गातो ड्रमर डेलर. मेटलच्या कट्टर चाहत्याला ते फार हलकं वाटू शकतं. मला ते इथं हवंच होतं. आजारपण असलेल्या घरातही कुणी चहा टाकतं, कुणी हसतं, आणि भीती त्या हसण्यातूनही ऐकू येते.

(अकूस्टिक गिटार.)

शेवटचं ‘जॅग्वार गॉड’ जवळपास आठ मिनिटांचं. सुरुवात इतकी मृदू की बँड बदलला की काय असं वाटावं. मग लय मोडते, पुन्हा जुळते, गिटार पिसाटते. माणूस मरतो आणि त्याच क्षणी सुटतोही. यातलं खरं कोणतं, हे बँड ठरवून देत नाही. अल्बमचा सगळ्यांत प्रामाणिक निर्णय हाच.

२०१८मध्ये मॅस्टोडॉनचा व्यवस्थापक निक जॉन कर्करोगानं गेला. त्या शोकातून २०२१मध्ये ‘हश्ड अँड ग्रिम’ आला: दुहेरी अल्बम, १५ गाणी. या वेळी त्यांनी विचारलं, मेल्यावर माणूस जातो कुठे?