धसकटातली दंडार

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, धान घरात आलं की माणसाला रात्री झोप नको वाटते. गावोगाव मंडई भरते, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्रभर नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या सगळ्यांना ठाऊक आहेत. २०२३ साली या नाटकांतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईकडेही त्यांची चर्चा झाली. पण मला आज दंडारीबद्दल, आमच्या इथल्या लोकनाट्याबद्दल बोलायचं आहे. तिला ना पडदा, ना तिकीट. ढोलकी, टाळ आणि कापणी झालेली एक बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं वावर, बस.

आमच्या गावात बचत गटाच्या बायांनी तलावाखालच्या सामाईक तुकड्यात वांगी, मुळा, सांबार म्हणजे कोथिंबीर लावली होती. पीक चांगलं आलं, म्हणून मार्गशीर्षात दंडार ठरली. मी नि दोन पोरं जागा पाहायला निघालो. एक ऐसपैस बांधी पसंत केली. मालक म्हातारा काही बोलला नाही, नुसतं बोट खाली दाखवलं. धसकटांच्या मधून लाखोळीची, म्हणजे लाखेच्या डाळीची बारीक, कोवळी पानं वर आली होती. धान उभा असतानाच ती फेकलेली असते. जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाढते. "नाचाल तुम्ही, अन् वरण कोन खाईल?" म्हातारा म्हणाला. आम्ही मुकाट्यानं दुसरीकडे गेलो.

शेवटी तलावाच्या पाळीखाली जागा मिळाली. हा मामा तलाव. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी गेली, तलाव 'माजी मालगुजारी' झाले आणि लोकांच्या तोंडी त्याचं 'मामा' झालं. मामाकडून पाणी मागायला लाज कसली! धसकटं फावड्यानं खरडली, तरी उरलेली रात्रभर टोचत होती. सतरंजीवर बसलेली माणसं दर दहा मिनिटांनी कूस बदलत होती.

गणात धानाची नावं आली. एचएमटी म्हणताच टाळ्या पडल्या. नांदेड फकीरचे दादाजी खोब्रागडे इथलेच, आपल्या बांधीतली वेगळी लोंब हेरून त्यांनी हे वाण निवडलं. मनगटावरच्या घड्याळाचं नाव धानाला!

मग सोंगाड्या एक मोठं वांगं घेऊन आला. "हे कोनाचं होय गा?"

"माह्यं!" शाहीर म्हणाला.

"पानी मामाचं, मेहनत बायाची, अन् वांगं तुह्यं?"

बाया इतक्या हसल्या की ढोलकीवाल्याला थांबावं लागलं. पहाटे त्याच वांग्यांची भाजी नि भात वाढला. सोंगाड्यानं तीनदा घेतला.