मे महिन्यातली पहाट

श्रोतेहो, नमस्कार. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला थंडीची रात्र काय असते, हे मी सांगायला नको. पारा घसरला की बागेत शेकोट्या पेटतात. पण हेक्टरी अडीच हजार रोपं आणि पसरलेला डोंगर असेल, तर शेकोटी कुठे कुठे पेटवणार? स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या वनरक्षकांपुढचा हा जुना प्रश्न.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकूड पुरेना, म्हणून १९१९ साली तिथे सरकारी वनखातं उभं राहिलं. उजाड माळांवर त्यांनी मुख्यतः सिटका स्प्रूस लावला. हा सूचिपर्णी वृक्ष मूळचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, समुद्राच्या दमट हवेत वाढलेला.

गंमत अशी, की जानेवारीच्या कडाक्यात हे रोप निर्धास्त झोपलेलं असतं. घात होतो तो मे महिन्यात. कळ्या फुटून मऊ, पोपटी पालवी आलेली असते, आणि एका निरभ्र, निवांत रात्री पारा उणे तीन-चारवर जातो. दोन-चार दिवसांत पालवी तपकिरी होऊन मान टाकते. लांबून वाटावं, कुणी वणवाच लावला!

गार हवा जड. ती उतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि खोलगटात साचते. म्हणून वरच्या अंगाची रोपं हिरवीगार, खालची होरपळलेली. त्यात भोवती दाट गवत असेल तर आणखी वाईट, कारण जमिनीत दिवसा मुरलेली ऊब ते वर येऊ देत नाही. बुंध्याभोवतीचं गवत काढणं हे तिथे नुसतं निंदणीचं काम नाही.

बियाणं कुठलं, यावरही बरंच ठरतं. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याकडच्या बियांची झाडं झपाट्याने वाढतात, पण शरद आला तरी थांबत नाहीत, आणि लवकर आलेल्या थंडीत सापडतात. म्हणून कॅनडाच्या हैदा ग्वाय बेटांवरचं बियाणं तिथे पसंत पडलं. फारच खोलगट जागा असेल, तर सरळ स्कॉट्स पाइन लावलेला बरा.

रोप सहसा मरत नाही. शेंडा जळाला की बाजूच्या कळ्या पुढे सरसावतात, आणि एकाचे दोन शेंडे होतात. पुढे लाकूड सरळ हवं, तर त्यातला एक छाटावा लागतो. असं दोन-तीन वर्षं जळत, फुटत ते रखडतं. मग एखाद्या सौम्य वसंतात शेंडा साचलेल्या गारठ्याच्या वर डोकं काढतो, आणि तिथून झाड भराभर उंच होत जातं.