इंदूरची पद्धत, आपल्या गच्चीवर

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी कचरागाडीचे गाणे गल्लीत ऐकू आले की आपण ओला आणि सुका असे दोन डबे घेऊन दारात उभे राहतो. माझी विनंती इतकीच आहे की ओला डबा गाडीत रिकामा करण्यापूर्वी एकदा त्यात डोकावून पाहावे, कारण आदल्या दिवशी घरात काय खाल्ले गेले याचा इतका प्रामाणिक हिशेब दुसरीकडे कोठेही लिहिलेला नसतो. त्यात दुधीची साले, मेथीच्या काड्या, पपईच्या बिया दिसल्या तर उत्तम. पण बटाट्याची साले आणि चहाचा चोथा यांपलीकडे काहीच नसेल, तर घरातल्या माणसांना आणि गच्चीवरच्या कुंड्यांना सारखाच उपास घडतो आहे, असे समजावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत, आणि बटाट्यासारखे पिष्टमय कंद त्यात धरायचे नसतात. या एका अटीने आपली पंचाईत होते. सकाळी शेव घातलेले पोहे, दुपारी बटाट्याचा रस्सा, संध्याकाळी नमकीन असा दिवस गेला, तर भाजीच्या खात्यावर पोह्यांवरची कोथिंबीर तेवढी जमा होते. पोह्यांशी माझे वैर नाही. इंदुरात राहून ते परवडणारही नाही.

आता खताकडे वळते. ज्याला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती कंपोस्ट खताची रीत याच शहरात सिद्ध झाली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते, आणि त्यांच्याबरोबर हे काम करणारे रसायनतज्ज्ञ होते यशवंत वाड. १९३१ साली ही पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा त्यावर दोघांचीही नावे होती. पुढे मात्र हॉवर्डसाहेबांचे नाव जगाच्या तोंडी राहिले आणि वाडांचे मागे पडले, याची रुखरुख वाटल्यावाचून राहत नाही.

पालापाचोळा, काडीकचरा, गुरांचे शेण, मूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचायचे, ओल राखायची, आणि तीन महिन्यांत तीन वेळा तो ढीग उलथापालथा करायचा, असे या रीतीचे स्वरूप होते. ढीग उलथण्याला इतके महत्त्व का, तर कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना हवा लागते. ती मिळाली नाही की दुसऱ्या जातीचे जीव माजतात आणि दुर्गंधी सुटते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा ढीग जमिनीवरच रचत असत.

हवेचा आणि साचणाऱ्या पाण्याचा हा मुद्दा मी स्वतः दुर्लक्षिला आणि त्याची शिक्षाही भोगली. पहिल्या वर्षी ऐन आषाढात एका बंद डब्यात मी नुसती भाज्यांची साले भरत गेले. पंधरा दिवसांत चिलटांचे थवे उठले आणि खालच्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून वर आल्या. चूक अशी होती की ओल्या कचऱ्यात नत्र म्हणजे नायट्रोजन आणि पाणी भरपूर असते, कर्ब म्हणजे कार्बन मात्र कमी पडतो, आणि तो सुक्या पानांतून द्यावा लागतो. आता मी डब्याला चहूबाजूंनी आणि तळाशी भोके पाडून घेतली आहेत, दर ओंजळभर सालांवर दोन ओंजळी चुरलेला पाला टाकते आणि आठवड्यातून एकदा सारे खालीवर करते. मूठभर मिश्रण दाबल्यावर बोटांना ओल लागावी, पण पाणी टपकू नये. फाल्गुन-चैत्रात कडुनिंबाचा आणि आंब्याचा पाला गळतो तेव्हाच दोन पोती भरून ठेवावीत. तो जाळणाऱ्यांना काय म्हणावे, ते रेडिओवर बोलण्याजोगे नाही.

मात्र जे माणसाला खाता येते, ते आधी कढईत जावे. दोडक्याच्या शिरांची चटणी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, फ्लॉवरचे कोवळे दांडे आमटीत, ही आपल्या आज्यांची काटकसर आहारशास्त्रालाही मान्य होण्यासारखी आहे. उरलेली साले डब्यात टाकावीत; तेलकट उष्टे आणि हाडे मात्र गाडीलाच द्यावीत.

खत काळसर झाले, पावसाळ्यातल्या मातीसारखा वास येऊ लागला आणि त्यातली साले ओळखू येईनाशी झाली, म्हणजे ते तयार झाले. कच्चे खत घातल्यास रोपे पिवळी पडतात, कारण कुजण्याचे राहिलेले काम मातीतले नत्र ओढून घेते. माळव्याची काळी माती कुंडीत घट्ट बसते, म्हणून तिच्यात तिसरा हिस्सा खत आणि थोडा नारळाचा भुसा मिसळावा. उन्हाळ्यात माठ, पावसाळ्यात अळू, थंडीत मेथी आणि पालक सहज येतात. पालेभाजीतले क जीवनसत्त्व खुडल्यापासून घटत जाते, त्यामुळे फोडणी तडतडत असताना गच्चीवरून आणलेल्या पालकाची बरोबरी दोन दिवस टोपलीत पडलेली जुडी करू शकत नाही. त्या फोडणीतल्या तेलामुळे शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व होते ते पानांतले कॅरोटीन अंगी लागते, आणि वर लिंबू पिळल्यास लोहही अधिक शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र त्याच्या आड येतो.

घरच्या लहान डब्यात शेतातल्या मोठ्या ढिगाइतकी उष्णता निर्माण होत नाही, त्यामुळे काही बिया न कुजता तशाच राहतात. आमच्या मेथीच्या कुंडीत या वर्षी टोमॅटोची तीन रोपे आपोआप उगवली आहेत, आणि ती उपटायची की वेगळ्या कुंडीत लावायची, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.