घरघर नक्की कुणाची?

(दृश्य : डेस्कटॉपचं बाजूचं झाकण काढलेलं. आत पंखे फिरताहेत.)

चार पंखे फिरताहेत, पण कानाला ऐकू येते ती एकच घरघर. यातला ओरडतोय कोण?

हे ओळखायला यंत्र लागत नाही. कॅबिनेटच्या पंख्याच्या मधोमध, जिथे स्टिकर असतो, तिथे बोट हलकेच टेकवा. पात्यांना हात लावायचा नाही. पंखा क्षणभर थांबला आणि आवाज तसाच राहिला, तर तो निर्दोष. बोट काढा, पुढच्या पंख्याकडे वळा. पॉवर सप्लायच्या पंख्याच्या वाटेला मात्र जायचं नाही. तो डबा उघडायचाच नाही, कारण वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते.

पंखा सापडला, की आवाजाची जात ओळखायची. खरखर किंवा टकटक असेल तर बेअरिंग गेलंय. तेलाचा थेंब सोडून काही दिवस निभतं, पण खरं औषध नवा पंखा हेच. घुमल्यासारखा आवाज असेल तर पत्र्यावर तळहात दाबून बघा. आवाज बसला, तर पंखा नुसता निमित्त आहे, वाजतोय तो पत्रा. स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या लावल्या की बहुतेकदा काम भागतं. कधी कधी या घुमण्यामागे पंखा नसतोच, हार्ड डिस्क असते. मिनिटाला 7200 फेरे म्हणजे सेकंदाला 120, आणि तोच सूर पत्र्यात उतरतो.

(दृश्य : जाळीमागे फिरणारी पाती, अगदी जवळून.)

उरला तो वाऱ्याचा आवाज. सात पात्यांचा पंखा 1500 आरपीएमने, म्हणजे मिनिटाला 1500 फेऱ्यांनी, फिरत असेल, तर जाळीच्या एकाच तारेसमोरून सेकंदाला 175 वेळा पातं जातं. हवा आत ओढणाऱ्या बाजूला जाळी पात्यांच्या फार जवळ असेल, तर हा सूर आणखी टोचतो. जाळी आणि पंखा यांत थोडं अंतर पडलं, तरी फरक कळतो.

पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो वेगाने. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, आवाज मात्र सुमारे 15 डेसिबलने उतरतो. आता तसाच दुसरा पंखा जोडा. आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने. म्हणजे मोकळ्या हवेत हिशेब असा, की एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन पंखे निवांत फिरवले, तर हवा जवळपास तेवढीच मिळते आणि आवाज 12 डेसिबलने कमी होतो. 80 मिलिमीटरच्या पंख्याऐवजी 120 किंवा 140 चा बसवतात, तेही यासाठीच. कॅबिनेटला आतून फोम चिकटवणं मला फारसं पटत नाही. आवाज थोडा दबतो, पण तोच फोम हवेच्या वाटेत आला, की पंखे आणखी जोरात पळायला लागतात.

(दृश्य : बायोसमधला पंख्याचा आलेख.)

खरं तर माणूस वैतागतो तो सारख्या चढ-उताराला. एकसुरी आवाज कान थोड्या वेळात विसरतो. वेब पेज उघडलं की प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंशांनी उसळतं आणि पंखा त्याच्यामागे धावत सुटतो. पण हीटसिंकचा, म्हणजे प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या पट्ट्यांच्या ठोकळ्याचा, धातू इतक्या झटकन तापत नाही, त्यामुळे पंख्याला ही घाई नसतेच. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, किती तापमानाला पंख्याचा किती वेग हे ठरवणारा आलेख असतो. तो 60 अंशांपर्यंत जवळजवळ सपाट ठेवा, पुढे हळूहळू चढवा आणि वेग बदलण्याआधी काही सेकंदांचा विलंब द्या. पैसा लागत नाही, स्क्रू ड्रायव्हरही नाही.

तिथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या. चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम मोड हवा, ज्यात वेगाचा इशारा चौथ्या पिनेवरून जातो. तीन पिनांच्याला डीसी, ज्यात व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलतो. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर राहिला तर त्याला कायम पूर्ण 12 व्होल्ट मिळतात आणि तो रात्रंदिवस पूर्ण वेगाने घोंघावतो. लोक बिचाऱ्या पंख्याला शिव्या देतात.

(दृश्य : हीटसिंकच्या पट्ट्यांमधला धुळीचा थर.)

धूळ अर्थातच काढायची, मशीन बंद करून. फुंकणी मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने गरगरतो आणि बेअरिंगला दणका बसतो.

आणि गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड किंचाळत असेल, तर आधी फ्रेम रेटला, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं बनवतं त्याला, मर्यादा घाला. सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या, म्हणजे 60 हर्ट्झच्या, पडद्यावर कार्ड 200 फ्रेम ओतत असेल, तर त्यातल्या बहुतेक फ्रेमा पूर्ण दिसतही नाहीत. त्यांची उष्णता मात्र पंख्यांनाच बाहेर काढावी लागते.