पंधरा सेंटिमीटरची कडा

(पडद्यावर: फूटपाथची कडा, कॅमेरा अगदी जमिनीलगत)

ही कडा बघा. पंधरा सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. आपण फोनवर बोलत बोलत ही कधी चढतो ते आपल्यालाही कळत नाही. आता कॅमेरा असाच खाली राहू दे. व्हीलचेअरची पुढची चाकं किती छोटी असतात बघा, ती या कडेला येऊन टेकतात आणि झालं, रस्ता तिथंच संपला. मग एकतर मागं फिरायचं, नाहीतर गाड्यांच्या गर्दीत खाली उतरून कडेकडेनं जायचं, नाहीतर जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणायचं, जरा उचलता का.

मग उतार करून टाका की, असं कुणीही म्हणेल. पण उतार कसाही करून चालत नाही हो. त्याचा हिशोब एकास बाराचा, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी, म्हणजे या एवढ्याशा कडेलाही १.८ मीटर लांब उतार लागतो. तोच घाईघाईत अर्ध्या मीटरमध्ये उरकला की चढताना खुर्ची मागं उलटायची भीती आणि उतरताना माणूस पुढं फेकला जायची, पण कागदावर मात्र 'रॅम्प केला' अशी नोंद होऊन जाते. त्या नोंदीचा मला फार राग येतो, कारण एकदा ती झाली की परत तिकडं कुणी बघत नाही.

आणि उतार नीट झाला ना, की तासभर तिथं उभं राहून बघा त्यावरून कोण कोण जातंय. बाळाची गाडी ढकलणारी आई, चाकांची बॅग ओढणारा, सामान पोचवणारा पोरगा, पायाला प्लास्टर असलेला, गुडघे धरून चालणारी आजी.

(पडद्यावर: पिवळ्या फरश्यांवरून सरकणारी पांढरी काठी)

या पिवळ्या फरश्या कितीतरी जणांना नुसतं डिझाइन वाटतं. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या बनवल्या, त्यांच्या एका मित्राची नजर जात चालली होती म्हणून, आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. उभ्या पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढं काहीतरी आहे. भाषा एवढीच, पण तळपायाला आणि काठीच्या टोकाला कळणारी. आता इथं बघा, पट्ट्या सांगतायत चालत राहा, आणि पुढं बरोब्बर मधोमध खांब. ज्याला दिसतं तो वळसा घालेल, पण जो त्या फरशीच्याच भरवशावर चाललाय त्याच्याशी ती चक्क खोटं बोलली.

सिग्नलचं पण तसंच. बऱ्याच ठिकाणी माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरून वेळ ठेवतात, म्हणजे बारा मीटरच्या रस्त्याला दहा सेकंद. पण काठी टेकत चालणाऱ्या आजोबांचा वेग ०.८ मीटर असला तर त्यांना लागतात पंधरा. मधली पाच सेकंद ते भर रस्त्यात, आणि समोर गाड्यांची इंजिनं गुरगुरतायत.

गाड्यांच्या वेगाबद्दल एकच गोष्ट सांगतो. समजा तेरा-चौदा मीटरवर अचानक पोरगं आडवं आलं. ताशी ३० किलोमीटरनं येणारी गाडी तेवढ्यात कशीबशी थांबते. ताशी ५० नं येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर त्या पोरापाशी पोचतो तेव्हा कुठं त्याचा पाय ब्रेकवर पडत असतो, कारण दचकून पाय उचलायला जो एक सेकंद जातो त्यातच गाडी चौदा मीटर पुढं आलेली असते. नॉर्वेच्या ऑस्लो शहरानं वेग कमी केले, गाड्यांची जागा कमी केली, आणि २०१९ या अख्ख्या वर्षात तिथं पायी चालणारा किंवा सायकलवाला एकही माणूस रस्त्यावर मेला नाही.

(पडद्यावर: बसचा दरवाजा, तीन पायऱ्या)

आता बस. लो-फ्लोअर, म्हणजे पायऱ्या न चढता आत जाता येणारी बस घेतली म्हणजे झालं असं नसतं, ड्रायव्हरनं ती कडेला चिकटून लावली नाही तर मध्ये एवढी फट राहते की रॅम्प लावायलाच जमत नाही. आणि यावर नेहमीचं उत्तर काय, तर व्हीलचेअरवाले प्रवासी येतातच कुठं? अहो, येणार कसे? घरापासून स्टॉपपर्यंत फूटपाथ नाही, स्टॉपवर चढता येत नाही, आत गेलं तर पुढचा स्टॉप कोणता ते कुणी सांगत नाही, यातलं एक जरी बिघडलं तरी माणूस घरीच बसतो, आणि घरी बसलेला माणूस कुठल्याच मोजणीत येत नाही. मग पुन्हा तेच, प्रवासी नाहीत म्हणून सोय नाही.

अमेरिकेतल्या डेन्वरमध्ये ५ जुलै १९७८ ला १९ अपंगांनी हे फिरवून दाखवलं. आम्हाला बसमध्ये चढता येत नाही ना, मग बस पण हलणार नाही, असं म्हणत त्यांनी भर चौकात बस अडवल्या आणि अख्खी रात्र रस्त्यावर काढली. पुढं १९९० मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की नवी बस घ्यायची तर व्हीलचेअर चढेल अशीच घ्यायची. बारा वर्षं गेली मध्ये.

काही सोयींना तर लोखंड-सिमेंट पण लागत नाही. टोरांटोत १९९१ पासून रात्री बसमधून एकटी जाणारी बाई दोन स्टॉपच्या मध्येही उतरवा असं सांगू शकते, म्हणजे अंधारातलं चालणं तेवढं कमी. फक्त ड्रायव्हरला तसं सांगून ठेवायचं.

(पडद्यावर: सिग्नलच्या बटणाचा डबा, खालून)

आणि हे ब्रिटनमधलं. बटणाच्या डब्याखाली हात घातला की बोटांना एक छोटा शंकू लागतो, वरून बघणाऱ्याला तो दिसतही नाही. चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा झाला की तो फिरायला लागतो. ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, तो माणूस बोटं तिथं ठेवून उभा राहतो, गाड्या जात असतात, शंकू गप्प असतो. मग तो बोटाखाली फिरतो, आणि माणूस पाऊल टाकतो.