मागणाऱ्या बाईचं नाव

मित्रहो, आज मी ज्या बाईंविषयी बोलणार आहे, त्यांना नुसतं ‘दानशूर’ म्हणून मोकळं व्हायला माझं मन घेत नाही. डॉरोथी चँडलर श्रीमंत होत्या आणि त्यांनी दिलंही. पण आयुष्यात सर्वांत मन लावून त्यांनी जे केलं, ते म्हणजे मागणं. नाट्यगृहावर किंवा सभागृहावर नाव लागतं ते देणाऱ्याचं. दारोदार फिरून ज्यानं ते पैसे आणले, त्याच्या वाट्याला फार तर आभाराची एक ओळ येते. लॉस एंजेलिसमधलं तीन हजारांहून अधिक आसनांचं ‘डॉरोथी चँडलर पॅव्हिलियन’ याला अपवाद आहे. तिथं भिंतीवर मागणाऱ्या बाईचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे असं मी मानतो.

त्यांचा जन्म १९०१ सालचा, इलिनॉय राज्यातल्या एका लहान गावातला. त्या लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला आलं. वडील आणि काका यांनी तिथं दुकान काढलं. पुढे ‘बफम्स’ या नावानं ते मोठं डिपार्टमेंट स्टोअर झालं आणि वडील लाँग बीचचे महापौरही झाले. म्हणजे गल्ला आणि नगरपालिका, दोन्ही विषय या मुलीच्या कानावर घरातच पडत होते. स्टॅनफर्डला शिकत असताना नॉर्मन चँडलर भेटले आणि १९२२ साली लग्न झालं. सासर ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या वृत्तपत्राच्या मालकांचं. जुनं, पैसेवालं, कर्मठ घराणं. तिथं ही दुकानदाराची मुलगी बरीच वर्षं परकीच राहिली. मला वाटतं, पुढे अनोळखी दारं ठोठावायची भीती त्यांना वाटली नाही, याचं एक कारण तिथं असावं. स्वतःच्याच घरात ज्याला जागा मिळवावी लागते, त्याला दुसऱ्याच्या उंबऱ्याचं काय भय?

१९४० च्या दशकाच्या अखेरीस डॉरोथीबाई वृत्तपत्राच्या कारभारात उतरल्या. १९५५ ते १९७३ त्या वृत्तपत्राची मालक असलेल्या टाइम्स मिरर कंपनीच्या संचालक मंडळावर होत्या. मेजवान्यांच्या बातम्यांपलीकडे जाऊन कर्तबगार स्त्रियांची दखल घ्यावी म्हणून ‘वुमन ऑफ द इयर’ हा सन्मान १९५० पासून टाइम्सनं सुरू केला, त्यामागे त्याच होत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळावरही त्यांनी चौदा वर्षं काम केलं. यातल्या प्रत्येक गोष्टीवर वेगळं बोलता येईल, पण मला आज घाई आहे ती १९५१ सालच्या उन्हाळ्यापर्यंत पोहोचायची.

हॉलिवूड बोल हे डोंगराच्या कुशीतलं उघडं सभागृह. १९२२ पासून तिथं उन्हाळी मैफली होत. १९५१ चा हंगाम एका खर्चिक प्रयोगानं सुरू झाला, प्रेक्षक आले नाहीत आणि तिजोरी रिकामी झाली. बोल बंद पडलं. तेव्हा डॉरोथीबाई बचाव समितीच्या प्रमुख झाल्या. आधी त्या कलाकारांकडे गेल्या, कारण आपलं मानधन सोडायला कलाकार तयार आहेत हे दिसल्याशिवाय श्रीमंतांचा हात खिशाकडे जात नाही. निधीसाठीच्या मैफली झाल्या, कलाकार बिदागीशिवाय वाजले आणि त्याच उन्हाळ्यात बोल पुन्हा उघडलं. बंद पडलेली गोष्ट वर्गणीवर उभी राहू शकते, हे त्या गावानं पहिल्यांदा पाहिलं.

आता त्या गावाविषयी थोडं. लॉस एंजेलिस तेव्हा पसरत चाललेलं, मध्य हरवलेलं शहर होतं. सिनेमाचं जगप्रसिद्ध गाव, पण तिथल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाला स्वतःचं सभागृह नव्हतं. ते बांधण्यासाठी सार्वजनिक कर्ज उभारायचे प्रस्ताव मतदानाला गेले आणि मतदारांनी ते एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा फेटाळले. लोकांना संगीत नको होतं असा त्याचा अर्थ मी लावत नाही. ‘हे माझं आहे’ असं वाटावं, इतका त्या शहराचा एकमेकांशी संबंधच उरला नव्हता. पूर्वेकडे पासाडेना आणि आसपासचा जुना प्रॉटेस्टंट पैसा, पश्चिमेकडे सिनेमा, बांधकाम आणि बँकिंगमधला नवा, बराचसा ज्यू पैसा. यांचे क्लब वेगळे, पंगती वेगळ्या. जुन्या क्लबांमध्ये ज्यू माणसाला सभासदत्व मिळत नसे.

१७ मार्च १९५५ रोजी अँबॅसेडर हॉटेलच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबमध्ये डॉरोथीबाईंनी त्या सभागृहासाठी एक निधी-समारंभ केला. डिना शोअर, जॅक बेनी, डॅनी के यांच्यासारखे कलाकार आले. एक कॅडिलॅक एल्डोराडो गाडीही निधीसाठी ठेवलेली होती. एका संध्याकाळी चार लाख डॉलर जमले. सुरुवात झोकदार झाली, पण खरं काम पुढच्या नऊ वर्षांचं होतं आणि ते झगमगाटात झालं नाही. ते झालं जेवणाच्या टेबलांवर, फोनवर, पत्रांत. कोण किती देऊ शकतो याचा त्या बारकाईनं अभ्यास करत. रक्कम त्या माणसाच्या ऐपतीला शोभत नसेल, तर चेक परत करत, असं त्यांच्याविषयी सांगतात. ऐकायला हे उद्धट वाटेल. पण वर्गणी गोळा केलेल्या कुणालाही विचारा: सगळ्यात महाग पडते ती श्रीमंताची किरकोळ पावती. ती पुढच्या दहा जणांचा आकडा ठरवते.

महत्त्वाचं म्हणजे त्या पश्चिमेकडेही गेल्या. मार्क टेपर हे ज्यू बांधकाम व्यावसायिक आणि वित्तदार. पॅव्हिलियन ज्या संकुलात आहे त्या म्युझिक सेंटरमधली दोन नाट्यगृहं १९६७ साली उघडली, त्यांपैकी एक ‘मार्क टेपर फोरम’ आणि दुसरं वित्त व्यावसायिक हॉवर्ड अहमन्सन यांच्या नावाचं ‘अहमन्सन थिएटर’. जी माणसं एका क्लबात बसली नसती, त्यांची नावं एका चौकात आली. यामागे डॉरोथीबाईंच्या मनाचा मोठेपणा किती आणि व्यवहार किती, याचा हिशेब मी करत बसणार नाही. भिंत पडली, हे मला पुरेसं आहे.

आणि मग त्या पिशव्या! कागदी पिशव्या घेऊन स्वयंसेवक शहरभर फिरले आणि ज्याला जमेल त्यानं त्यात एक-दोन डॉलर टाकले. ‘बक बॅग’ म्हणत तिला, आपल्या भाषेत झोळीच. एकूण खर्चाच्या मानानं ती रक्कम थोडी, पण ज्या शहरानं मतपेटीत ‘नाही’ म्हटलं होतं, तेच शहर झोळीत ‘हो’ टाकत होतं. साधारण साडेतीन कोटी डॉलरच्या प्रकल्पापैकी जवळजवळ दोन कोटी या बाईंनी खाजगी देणग्यांतून उभे केले. उरलेले कौंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, रोख्यांतून आणले.

६ डिसेंबर १९६४ ला पॅव्हिलियनचा पडदा उघडला. व्हायोलिनवर याशा हायफेट्झ, बेथोवेनचा कंचेर्तो. आणि संचालनाला आपल्या मुंबईत जन्मलेला अठ्ठावीस वर्षांचा झुबिन मेहता. मला या दृश्याचं आजही अप्रूप वाटतं. त्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर डॉरोथीबाई होत्या.

पण झुबिन तिथं कसे आले, हेही सांगितलं पाहिजे. फिलहार्मोनिकचे संगीत-संचालक म्हणून नामवंत संचालक गेओर्ग सोल्टी यांची निवड झाली होती. त्यांना न विचारता वाद्यवृंदाच्या मंडळानं तरुण मेहतांना सहायक नेमलं आणि १९६१ मध्ये सोल्टी राजीनामा देऊन गेले. मंडळाच्या सूत्रधार डॉरोथीबाईच होत्या. निवड अचूक ठरली. मेहता १९७८ पर्यंत तिथं राहिले आणि त्यांनी वाद्यवृंद घडवला. तरीही सोल्टींसारख्या कलावंताला न विचारणं चूकच होतं. जो पैसा उभा करतो त्याला हळूहळू वाटायला लागतं की सूरही आपणच लावावेत. त्या मोहातून त्या सुटल्या नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. म्युझिक सेंटर ज्या बंकर हिलवर उभं आहे, त्या टेकडीवरची जुनी लाकडी घरं त्याच काळात पुनर्विकासाच्या नावाखाली पाडली जात होती. एके काळचे ते वाडे खोल्या-खोल्यांनी भाड्यानं गेलेले, राहणारे बहुतांशी म्हातारे आणि गरीब. हजारो माणसं हलवली गेली. तो निर्णय सरकारी यंत्रणेचा होता, या बाईंचा नव्हे. पण टाइम्स नव्या डाउनटाउनच्या, म्हणजे शहराच्या नव्या मध्यभागाच्या, बाजूनं होता आणि चँडलर घराण्याचा त्यात वाटा होता. शहराला मध्य मिळाला, तेव्हा त्या मध्यात आधीपासून राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. मला त्या बाईंविषयी आदर आहे, म्हणूनच हे वगळून पुढे जाववत नाही.

इमारत उभी राहिल्यावरही त्यांनी मागणं थांबवलं नाही. १९६८ मध्ये त्यांनी ‘ब्लू रिबन’ हा स्त्रियांचा गट काढला, कारण सभागृह बांधण्यापेक्षा ते रोज चालवणं अधिक महाग असतं आणि त्याला कुणाचं नाव लागत नाही. १९८५ साली अमेरिकेनं राष्ट्रीय कलापदक सुरू केलं, त्या पहिल्याच यादीत त्या होत्या. १९९७ मध्ये, ९६ व्या वर्षी त्या गेल्या.

वाद्यवृंद २००३ मध्ये रस्त्यापलीकडच्या डिस्ने हॉलमध्ये गेला. पॅव्हिलियनमध्ये आता ऑपेरा होतो. ब्लू रिबनचा बालमहोत्सव मात्र १९७० पासूनचा. कौंटीतल्या शाळांमधून पाचवीची मुलं बसमधून येतात, आत प्रयोग पाहतात. शाळेत आधीच एक नाच बसवलेला असतो. प्रयोग संपला की ती सगळी बाहेरच्या चौकात येतात आणि तो नाच एकत्र नाचतात.