फाजल

[बडोद्यातला रावपुरा, संध्याकाळचे सहा. स्टेशनरीच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना.]

बडोद्यात शिक्षकांच्या घरी एक शब्द दबक्या आवाजात बोलला जातो. फाजल. अनुदानित शाळेत मुलं घटली, वर्ग बंद झाला, की एखादा शिक्षक फाजल ठरतो. शब्द इथल्या गुजराती कारभारातला, पण मराठी कानाला तो लगेच ‘फाजील’ ऐकू येतो. फाजील लाड, फाजील बडबड. ज्या माणसानं वीस वर्षं पोरांकडून पाढे घोटून घेतले, त्याच्या नावापुढे हा शब्द लागावा, हे सोसवत नाही.

तरी अनुदानित शाळेतल्या फाजल शिक्षकाला दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याची सोय आहे. खरी पंचाईत होते ती स्वनिर्भर शाळांत, म्हणजे फीवर चालणाऱ्या खासगी शाळांत. तिथे कुणी फाजल होत नाही. ऑफिसात बोलावून सांगतात, “जूनपासून यायची गरज नाही. राजीनामा तेवढा लिहून द्या.”

आणि माणूस लिहून देतो. अब्रूची भीती असते, ‘नोकरी सोडली’ म्हटलेलं ‘काढलं’पेक्षा बरं दिसतं. शिवाय आपल्याला काय मिळायचं आहे, हे त्याला माहीतच नसतं.

[खोली. दोन बाकं, लोखंडी कपाट, फळा.]

जिन्यावरची ही खोली शिक्षकांच्या संघटनेची. इथे ज्यांना सगळे ‘मंत्री’, म्हणजे गुजराती अर्थानं सचिव, म्हणतात, ते निवृत्त गणिताचे सर आहेत. त्यांच्यासमोर बडोद्याच्याच वाडी भागात राहणाऱ्या एक बाई बसल्या आहेत. शाळेत त्या ‘बेन’, घरी ‘ताई’. दहा वर्षं आठ महिने एकाच शाळेत शिकवलं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये. शाळेनं ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हिशेब करून दिलाय, ६५,०००.

सर कागद परत त्यांच्याकडेच सरकवतात. “बाई, भागाकार कितीनं केलाय, बघा बरं.”

“तीसनं.”

“तिथेच गेले तुमचे पैसे.”

मग सर फळ्यावर मांडतात. महिन्याचे दिवस ३० नाही, २६ धरायचे. १३,००० भागिले २६, झाले ५००. दर वर्षाला १५ दिवसांचे, म्हणजे ७,५००. आणि वर्षं दहा नाहीत. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं, की ते पूर्ण वर्ष. म्हणून अकरा. ८२,५००. साडेसतरा हजारांचा फरक! बाई काही बोलत नाहीत. पर्समधून पेन काढून कागदाच्या मागे तोच हिशेब पुन्हा करतात. उत्तर तेच येतं. मग परत एकदा.

पाच वर्षं भरली असतील, तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. हे एवढं वाक्य किती घरांत पोचलेलं नाही!

[जुन्या फायली. पिवळी पडलेली कात्रणं.]

हा हक्क शिक्षकांना सुखासुखी मिळालेला नाही, आणि त्याची वाट गुजरातमधूनच गेली आहे. ग्रॅच्युइटीचा मूळ कायदा १९७२चा. त्यात तेव्हा कर्मचारी म्हणजे कोण, तर कुशल, अर्धकुशल, अकुशल, देखरेखीचं, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा. शिक्षक यातला कोणता? अहमदाबादच्या खासगी प्राथमिक शिक्षकांची संघटना हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००४मध्ये हरली. शिक्षक या व्याख्येत बसत नाहीत, बदल करायचा तर संसदेनं करावा, असं न्यायालयानं म्हटलं. संसदेनं तो २००९मध्ये केला, तोही ३ एप्रिल १९९७पासून लागू होईल असा. खासगी शाळांच्या चालकांनी त्यालाही आव्हान दिलं. २०२२च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला. खटला हरलेल्या त्या शिक्षकांचं ऋण आज देशभरातल्या खासगी शाळांच्या शिक्षकांवर आहे, असं मी मानतो.

कामावरून कमी केल्याच्या भरपाईत मात्र शिक्षक बाहेरच राहिला. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थानं शिक्षक ‘कामगार’ नाही. गिरणी कामगाराला त्या कायद्यानं जी छाटणीची भरपाई मिळत होती, ती शिक्षकाला मागता येत नव्हती. म्हणून सर पुन्हापुन्हा सांगतात, सही करण्याआधी इथे या. निदान फोन करा.

[मोबाइलवर ग्रुपचा संदेश, वर गुजराती, खाली मराठी.]

संघटनेचं परिपत्रक आता मोबाइलवर जातं. या आठवड्याचा विषय पीएफ. नोकरी सुटली की बरेच जण सगळे पैसे काढून घेतात, पेन्शनचेसुद्धा. सेवेची दहा वर्षं भरली तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन मिळते. सात वर्षं झालेल्यानं पैसे काढले, की ती सात वर्षं पुसली जातात. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घेतलं, तर पुढच्या नोकरीत तीन भरली तरी पुरे. हा मजकूर सर तीनदा वाचून पाठवतात. एखादा आकडा चुकला तर कुणाचं तरी म्हातारपण चुकेल, असं त्यांना वाटतं.

सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्या बडोद्यात शिकवणाऱ्या माणसाला आपला हक्क वेळेवर कळत नाही, याचं फार वाईट वाटतं.

[टेबल. बाई अर्ज लिहिताहेत.]

नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत अर्ज द्यावा. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण उशीर करू नये. पैसे देण्यासाठी शाळेलाही ३० दिवस, नंतर व्याज. सर एकच सांगतात, “कागद द्याल तो पोच घेऊनच.”

सोमवारी बाई अर्ज घेऊन शाळेत गेल्या. तासभर बसवलं, पोच दिली नाही. मंगळवारी त्यांनी रावपुऱ्याच्या पोस्टातून तो स्पीड पोस्टानं पाठवला. पावती कपाटात, लग्नाच्या शालूखाली ठेवली आहे.

अर्ज पाठवून आज अठरावा दिवस.